न मारता पाहणे : फ्रिट्स झेर्निके

गालाच्या आतील बाजू चमच्याच्या टोकाने हलकेच खरवडून तो ओलावा काचपट्टीवर पसरला आणि साध्या सूक्ष्मदर्शकातून पाहिला, तर पहिल्यांदा पाहणाऱ्याची बहुधा निराशा होते. पाठ्यपुस्तकातील पेशीला ठसठशीत कड आणि गडद केंद्रक असते. भिंगाखाली मात्र पाण्यावर पाण्याचाच डाग पडावा तसे काहीतरी फिकट तरळत असते. मग शिक्षक निळ्या रंगाचा एक थेंब सोडतात आणि पुस्तकातले चित्र प्रत्यक्ष अवतरते. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांत जगातील थोर प्रयोगशाळांची गतही याहून फारशी निराळी नव्हती. पेशीचे अंतरंग पाहायचे तर ती रंगवावी लागे, आणि नीट रंगवायची तर आधी अल्कोहोल किंवा फॉर्मालिनमध्ये बुडवून मारावी लागे.

ही अडचण ज्यांनी दूर केली ते फ्रिट्स झेर्निके जीवशास्त्रज्ञ नव्हते, वैद्यही नव्हते. नेदरलँड्सच्या उत्तर भागातील ग्रोनिंगन विद्यापीठात गणिती भौतिकी शिकवणारे हे प्राध्यापक एका आरशावरील सदोष रेघांचा माग काढत होते, आणि त्या मागावरून चालता चालता जिवंत पेशीपर्यंत पोहोचले.

झेर्निके यांचा जन्म १६ जुलै १८८८ रोजी अ‍ॅमस्टरडॅम येथे झाला. आई आणि वडील दोघेही गणिताचे शिक्षक. वडिलांना भौतिकशास्त्राचाही नाद होता आणि तो मुलाने पुरेपूर उचलला. घरातील इतर भावंडेही सामान्य नव्हती. बहीण ॲन ही १९११ साली नेदरलँड्समधील पहिली स्त्री धर्मोपदेशक झाली. दुसरी बहीण एलिझाबेथ हिने कादंबरीकार म्हणून नाव मिळवले. फ्रिट्सला मात्र भाषा आणि इतिहास यांचे वावडे होते. शाळेत त्याने या विषयांकडे इतके दुर्लक्ष केले, की विद्यापीठाच्या पदवीमार्गावर जाण्यासाठी ग्रीक आणि लॅटिनची परीक्षा त्याला नंतर स्वतंत्रपणे द्यावी लागली.

त्याचे मन रमे ते मुशी, नळ्या आणि भांडी यांच्या पसाऱ्यात. खाऊच्या पैशांतून काही, दयाळू कारखानदारांकडून मिळालेले काही, असा त्याचा संग्रह वाढत गेला. रंगीत छायाचित्रण त्या काळी नवलाईचे होते आणि खर्चाचेही. त्याला लागणारे ईथर विकत घेणे परवडेना, म्हणून या मुलाने ते घरीच तयार केले. कॅमेरा स्वतः बांधला. एक छोटी वेधशाळाही उभारली. आकाश फिरते, म्हणून दुर्बीणही त्या गतीने फिरली पाहिजे. त्यासाठी त्याने जुन्या ग्रामोफोनचे चावीचे यंत्र काढून जोडले आणि त्याच्या साहाय्याने एका धूमकेतूचे छायाचित्र मिळवले. संध्याकाळी आईवडिलांबरोबर बसून गणिते सोडवणे हा घरचा करमणुकीचा प्रकार होता. कागदावरचे गणित आणि हातातले हत्यार यांत ज्याला अंतर जाणवत नाही, असा माणूस या घरात घडत होता.

१९०५ मध्ये त्यांनी अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठात प्रवेश घेतला. मुख्य विषय रसायनशास्त्र, जोडीला गणित आणि भौतिकी. १९०८ साली संभाव्यतेवरील निबंधाला ग्रोनिंगन विद्यापीठाचे सुवर्णपदक मिळाले. चार वर्षांनी हार्लेमच्या विज्ञान संस्थेने त्यांच्या दुसऱ्या, मोठ्या निबंधाला पारितोषिक दिले. परीक्षकांत व्हान डर वाल्स आणि लोरेन्ट्झ यांच्यासारखे दिग्गज होते. पदक हवे की रक्कम, अशी विचारणा झाली तेव्हा सुवर्णपदकाचा आनंद आपण पूर्वी घेतला असल्याने या खेपेस रक्कमच द्यावी, असे त्यांनी कळवले. स्वतःचे ईथर स्वतः बनवणाऱ्या मुलाला साजेसेच हे उत्तर होते.

त्या निबंधाचा विषय आपल्या कथेशी दुरून जोडलेला आहे. काही द्रव एका विशिष्ट तापमानाला पोहोचले, की एकाएकी दुधासारखे धूसर होतात. द्रवात नवीन काही मिसळलेले नसते; घनता जागोजागी किंचित कमीअधिक होते आणि तेवढ्यानेच प्रकाश विखुरला जातो. म्हणजे पारदर्शक पदार्थातील अतिसूक्ष्म भेदांमुळे प्रकाशाचे काय होते, हा प्रश्न झेर्निके यांच्या डोक्यात पंचविशीच्या आतच शिरला होता. १९१३ साली नामांकित खगोलज्ञ काप्टेन यांनी त्यांना ग्रोनिंगनला आपले साहाय्यक म्हणून बोलावले. काप्टेन यांची प्रयोगशाळा मोठी विलक्षण होती : तेथे दुर्बीणच नव्हती. इतरांनी घेतलेल्या आकाशाच्या छायाचित्रांवरून मोजमापे करण्याचे काम तेथे चाले. पुढच्याच वर्षी ऑर्नस्टाइन यांच्याबरोबर झेर्निके यांनी द्रवांच्या रचनेविषयीचे जे समीकरण मांडले, ते आजही त्या दोघांच्या नावाने शिकवले जाते. १९१५ मध्ये ऑर्नस्टाइन यांच्या जागी त्यांची नेमणूक झाली आणि १९२० मध्ये ते प्राध्यापक झाले. पुढे निवृत्तीपर्यंत ग्रोनिंगन त्यांनी सोडले नाही. मधल्या काळात त्यांनी अतिक्षीण विद्युतप्रवाह मोजणारा गॅल्व्हानोमीटर तयार केला. डेल्फ्ट येथील किप अँड झोनेन ही कंपनी १९२३ पासून त्याचे उत्पादन करू लागली.

मुख्य घटना १९३० च्या सुमाराची. झेर्निके यांना विवर्तन जालकांमध्ये रस होता. जालक म्हणजे धातूच्या आरशावर हिऱ्याच्या टोकाने, मिलिमीटरमागे शेकडो, समान अंतरावर ओढलेल्या रेघा. त्यावर पडलेला प्रकाश रंगांत विभागला जातो आणि वर्णपट मिळतो. रेघा ओढणाऱ्या यंत्राच्या स्क्रूत यत्किंचित दोष असला, की काही रेघा ठरावीक अंतराने किंचित सरकतात, आणि वर्णपटातील प्रत्येक खऱ्या रेषेच्या दोन्ही बाजूंना फिकट, खोट्या रेषा उमटतात. शास्त्रज्ञ त्यांना भुतेच म्हणत, आणि भुतांकडे पाहावे त्याच दृष्टीने पाहत : टाळता आली तर बरी. झेर्निके यांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली नाही.

त्यांच्या पूर्ण काळ्या रंगवलेल्या प्रयोगशाळेत एक मोठे अंतर्वक्र जालक बसवले होते. त्याच्या पृष्ठभागावर दोषांमुळे पट्टे दिसत. जालक डोळ्यापासून सहा मीटर दूर होते, म्हणून ते पट्टे नीट न्याहाळण्यासाठी त्यांनी लहानशी दुर्बीण त्यावर रोखली. दुर्बीण जसजशी अचूक जुळत गेली तसतसे पट्टे स्पष्ट व्हायला हवे होते. घडले उलटेच. दुर्बीण पृष्ठभागावर तंतोतंत जुळली त्या क्षणी पट्टे नाहीसे झाले. ती जरा इकडेतिकडे केली की पुन्हा उमटले. दुसऱ्या एखाद्याने उपकरणाला दोष देऊन दिवा मालवला असता. झेर्निके यांनी प्रयोग आणि गणित यांची आलटून पालटून परीक्षा घेतली आणि कारण शोधून काढले : रेघांच्या त्या दोषाने प्रकाशाची तीव्रता बदलत नव्हती, बदलत होती ती केवळ त्याची कला.

कला हा शब्द येथे चंद्रकलेच्या जवळचा आहे. लाट चढउताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे, ते कला सांगते. भजनात वीस टाळकरी एका ठोक्यावर टाळ वाजवत असतात. त्यांतील एकाचा ठोका पाव मात्रेने मागे पडला, तरी त्याच्या टाळेचा आवाज लहान होत नाही. केवळ आवाजाचा जोर मोजणाऱ्याला त्यात काही वावगे आढळणार नाही; लयीचा कान असलेल्यालाच तो खटकेल. प्रकाशाच्या बाबतीत माणसाचा डोळा पहिल्या प्रकारचा आहे. त्याला उजेड-अंधार कळतो, रंग कळतो. लहरी वेळेवर आल्या की मागाहून, हे त्याला कळत नाही.

जिवंत पेशी डोळ्याला का दिसत नाही, त्याचे उत्तरही येथेच आहे. पेशीत पाणीच अधिक. तिच्यातून जाणारा प्रकाश ती जवळजवळ मुळीच शोषत नाही. परंतु केंद्रक, तंतुकणिका, पेशीपटल हे सारे भोवतालच्या पाण्यापेक्षा किंचित घन असल्याने त्यांतून जाणारा प्रकाश तरंगलांबीच्या छोट्या अंशाने रेंगाळतो. पेशीचे सगळे चित्र त्या रेंगाळण्यात लिहिलेले असते, आणि ती लिपी डोळ्याला वाचता येत नाही.

एर्न्स्ट आबे यांनी १८७० च्या दशकात दाखवून दिले होते, की सूक्ष्मदर्शकातील प्रतिमा दोन प्रकारच्या प्रकाशाच्या मिलाफातून घडते : वस्तूतून सरळ आलेला आणि वस्तूच्या बारकाव्यांमुळे बाजूला वळलेला. रंगवलेल्या पेशीत हे दोन प्रकाश परस्परांविरुद्ध पडतात, एकमेकांना खोडतात, आणि गडद ठिपका उमटतो. पारदर्शक पेशीत मात्र वळलेला प्रकाश सरळ प्रकाशाच्या पाव तरंगलांबी मागे असतो. दोहोंची बेरीज केली तरी उजेडात फरक पडत नाही. जालकाची भुते नेमकी याच पाव लांबीने मुख्य रेषेपासून सरकलेली होती. झेर्निके यांनी ते ओळखले. सरळ आलेल्या प्रकाशालाच वाटेत आणखी पाव तरंगलांबीने पुढे किंवा मागे सारले, तर दोन्ही प्रकाश पुन्हा परस्परविरोधी होतील आणि न दिसणारा भेद काळ्या-पांढऱ्यात उतरेल. हिरव्या प्रकाशासाठी ही पाव लांबी सुमारे १४० नॅनोमीटर भरते. वस्तुभिंगामागे, जेथे सरळ प्रकाश एकवटतो तेथे, तेवढा फरक पाडणारी काचेची तबकडी बसवायची; सरळ प्रकाश फार प्रखर असतो म्हणून त्याच जागी त्याला थोडे मंदही करायचे. दिव्याच्या बाजूला, कंडेन्सरखाली, प्रकाशाला कड्याचा आकार देणारा पडदा ठेवायचा. एवढेच. फेज कॉन्ट्रास्ट या नावाने, मराठीत कला-विपर्यास म्हणून, ओळखली जाणारी पद्धत ती हीच.

१९३२ मध्ये झेर्निके आपली पद्धत घेऊन जर्मनीतील येना येथे झाइस कंपनीकडे गेले. सूक्ष्मदर्शकाच्या जगात झाइस म्हणजे काशीच. आबे यांनी आपले सारे काम तेथेच केले होते. तेथल्या मंडळींना या नव्या पद्धतीचे मोल सर्वांत आधी कळेल, ही अपेक्षा मुळीच गैर नव्हती. स्वागत थंड झाले. कंपनीतील एका ज्येष्ठ वैज्ञानिकाने तर असे सुचवले, की या गोष्टीचा व्यवहारात काही उपयोग असता, तर ती आम्हीच केव्हाच शोधून काढली असती. झेर्निके यांनी वीस वर्षांनंतर, नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानात, हा प्रसंग सांगितला, त्या गृहस्थांचे नाव न घेता. त्या वाक्यामागचे घमेंडखोर तर्कशास्त्र त्यांना लागले असावे. पण खरी मेख वेगळी होती. आबे यांचा सिद्धान्त येनामध्ये इतका परिपूर्ण मानला जात होता, की त्यातून अद्याप काही निघायचे राहिले असेल, हे तेथे कोणाच्या मनात येत नव्हते. बाहेरून आलेल्या माणसाने त्यांचेच समीकरण त्यांना उलगडून दाखवले होते.

नकाराने झेर्निके थांबले नाहीत. १९३४ साली त्यांनी फिजिका या नियतकालिकात दुर्बिणीच्या आरशांची परीक्षा करण्याविषयीचा प्रबंध प्रसिद्ध केला आणि त्यात कला-विपर्यासाचे तत्त्व मांडले. त्याच प्रबंधात भिंगांचे आणि आरशांचे दोष मोजण्यासाठी त्यांनी बहुपदींची एक मालिका दिली. आज डोळ्यांवर लेसर शस्त्रक्रिया करण्यापूर्वी नेत्रपटलाच्या दोषांचा जो नकाशा काढतात, तो बहुधा याच झेर्निके बहुपदींच्या भाषेत लिहिलेला असतो. १९३८ मध्ये त्यांनी दूरच्या स्रोतापासून येणाऱ्या प्रकाशलहरींच्या परस्परसंगतीविषयी एक प्रमेय सिद्ध केले. त्याला व्हान सिटर्ट आणि झेर्निके या दोघांचे नाव आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या पसरून जी महाकाय रेडिओ दुर्बीण उभी आहे, ती आकाशाचे चित्र जोडते ते याच प्रमेयाच्या आधाराने. पेशी आणि दीर्घिका या दोहोंच्या चित्रणात एकाच माणसाचे गणित असावे, ही गोष्ट त्या परिसरातून जाताना आठवण्याजोगी आहे.

सूक्ष्मदर्शकाची गाडी मात्र रखडत होती. झाइसने पुढे या पद्धतीवर काम केले, पण संथपणे. मग युद्ध आले. मे १९४० मध्ये जर्मनीने नेदरलँड्स जिंकून घेतले आणि ग्रोनिंगन शत्रूच्या ताब्यात गेले. १९४१ मध्ये जर्मन सैन्याने युद्धाला उपयोगी पडतील अशा शोधांची झाडाझडती घेतली, आणि जी गोष्ट शांततेत नऊ वर्षे मार्गी लागली नव्हती, ती त्या वर्षी लागली. येनामध्ये पहिले कला-विपर्यास सूक्ष्मदर्शक तयार होऊ लागले. त्याच वर्षी कंपनीतील क्योलर आणि लोस यांनी या पद्धतीवरील लेख प्रसिद्ध केला. शोध लावणारा परकीय अमलाखाली दिवस काढत होता, आणि त्याच्या शोधाची उपकरणे तो अंमल बसवणाऱ्या देशात बनत होती. इतिहासाचा हा विपर्यास कोणत्याही भिंगावाचून दिसण्याजोगा होता.

या उपकरणाने काय साधले हे पहिल्यांदा जगासमोर आले ते एका चित्रफितीमुळे. युद्ध चालू असतानाच येनातील कुर्ट मिशेल यांनी नाकतोड्याच्या वृषणातील पेशी कला-विपर्यासाखाली ठेवून त्यांच्या विभाजनाचे चित्रीकरण केले. तोपर्यंत पेशीविभाजनाचे ज्ञान मृत पेशींवरून रचलेले होते. वाल्टर फ्लेमिंग यांनी १८८० च्या सुमारास रंगवलेल्या पेशींचे शेकडो नमुने पाहून विभाजनाच्या पायऱ्या क्रमाने लावल्या होत्या. तो अलौकिक पराक्रमच, पण लग्नाचे फोटो विस्कटून पडावेत आणि कोणता विधी आधी, कोणता नंतर, हे तर्काने ठरवावे, तसा. शिवाय एक शंका पाठ सोडत नव्हती. गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढणारे तंतू रंगवलेल्या पेशीत दिसतात. ते खरोखर असतात, की पेशी मारताना आतील द्रव्य गोठून तसे आकार तयार होतात? मेलेल्या पेशीला हे विचारून उपयोग नव्हता. मिशेल यांच्या फितीत जिवंत गुणसूत्रे जुळतात, मध्यभागी रांगेने येतात, थरथरतात आणि विलग होऊन दोन बाजूंना सरकतात. कित्येक तासांची ती घटना पडद्यावर काही मिनिटांत घडते. तंतूंचा वाद पुढे १९५० च्या दशकात शिन्या इनोउए यांनी ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाने मिटवला. पण विभाजन पाहण्याची गोष्ट आहे, केवळ अनुमानाची नव्हे, ही खात्री या फितीने पटवली होती.

युद्ध संपताच इतर कंपन्यांनीही ही उपकरणे बनवायला घेतली आणि ती हजारोंच्या संख्येने प्रयोगशाळांत पोहोचली. लंडनमध्ये मायकेल अ‍ॅबरक्रॉम्बी आणि जोन हेसमन यांनी कोंबडीच्या भ्रूणाच्या हृदयातील पेशी काचेवर वाढवून त्यांच्या हालचालींचा मागोवा घेतला. दोन पेशी सरकत एकमेकींना भिडल्या, की त्या थबकतात, दिशा बदलतात, असे त्यांना आढळले. कर्करोगाच्या काही पेशी हा शिष्टाचार पाळत नाहीत, हेही पुढे दिसून आले. मेलेली पेशी थबकत नाही आणि दिशाही बदलत नाही. ही निरीक्षणे जुन्या पद्धतीने होणे शक्यच नव्हते. आज वीर्यतपासणीत शुक्रजंतूंची चाल पाहताना, मूत्राच्या नमुन्यातील पेशी तपासताना, किंवा पेशीसंवर्धनाच्या बशीत रात्रीतून काय वाढले ते सकाळी बघताना हीच पद्धत वापरतात. ती निर्दोष आहे असे नाही. वस्तूच्या कडेभोवती एक उजळ प्रभावळ उमटते आणि जाड नमुन्यात चित्र गोंधळते. त्यानंतर नोमार्स्की यांची पद्धत आली, चमकणाऱ्या प्रथिनांचे युग आले. तरीही सकाळची ती पहिली नजर बहुतेक ठिकाणी अजून झेर्निके यांच्याच वाटेने जाते.

मानसन्मान उशिरा आले आणि मग भराभर आले. १९४८-४९ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने त्यांना पाहुणे प्राध्यापक म्हणून बोलावले. १९५२ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे रम्फर्ड पदक मिळाले, आणि १९५३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक एकट्या त्यांना देण्यात आले. क्वांटम सिद्धान्ताच्या आणि अणुकेंद्राच्या त्या काळात शंभर वर्षांपूर्वीच्या तरंगप्रकाशशास्त्रातील कामाला नोबेल मिळावे, याचे अनेकांना नवल वाटले. स्टॉकहोममधील व्याख्यानात झेर्निके यांनी शोधाची हकीकत पायरीपायरीने सांगितली. दुसऱ्याने केलेले आपण चटकन शिकतो, पण जुनी कल्पना नव्या क्षेत्रात नेऊन लावायला फार वेळ घेतो, अशी खंत त्यांनी तेथे व्यक्त केली. आणि त्या मंदपणाच्या यादीत स्वतःलाही धरले.

१९५८ मध्ये ते निवृत्त झाले आणि अ‍ॅमस्टरडॅमजवळील नार्डन येथे राहायला गेले. शेवटची वर्षे आजारपणात गेली. १० मार्च १९६६ रोजी अमर्सफोर्ट येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या बहिणीचा नातू गेरार्ड ट होफ्ट याला १९९९ साली भौतिकशास्त्राचेच नोबेल मिळाले. ग्रोनिंगन विद्यापीठाच्या विज्ञानशाखेचा परिसर आज झेर्निके यांच्या नावाने ओळखला जातो. सूक्ष्मदर्शकावर मात्र त्यांचे नाव नसते. ज्या वस्तुभिंगात ती पाव तरंगलांबीची तबकडी बसवलेली असते, त्याच्या कडेवर पीएच अशी दोन बारीक अक्षरे कोरलेली असतात.